उपासनेतले संबोधन कोणाचे? पाळक, वडीलमंडळी आणि उपासना समित्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय दिनाच्या आसपासच्या रविवारची उपासना ठरवणारे पाळक, वडीलमंडळी, उपासना समितीचे सभासद आणि गायनवृंदाचे प्रमुख यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उपासनेच्या क्रमाचा कागद तयार करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. या कामात एक गोष्ट आपोआप कळत जाते. मंडळीला कागदावर काय आहे तेवढेच दिसते. त्यातून काय खोडले गेले हे टंकणाऱ्यालाच ठाऊक असते.

एका वर्षी राष्ट्रीय दिन नेमका रविवारी आला. समितीची बैठक उत्साहात झाली. ध्वज मिरवत आत आणायचा आणि प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी उभा करायचा, शुभवर्तमानाच्या वाचनाआधी देशगौरवाचे गीत घ्यायचे, सैन्यात असलेल्या आणि निवृत्त झालेल्या सभासदांना उभे करून टाळ्या वाजवायच्या, पाहुण्यांना दहा मिनिटे बोलू द्यायचे आणि शेवटी सर्वांनी देशसेवेची प्रतिज्ञा म्हणायची. सगळे ठरले आणि मग कोणीतरी घड्याळाकडे पाहिले. वेळ बसेना. तेव्हा दोन गोष्टी कापल्या गेल्या: पापांगीकार, म्हणजे सर्वांनी मिळून देवापुढे पापे कबूल करण्याचा भाग, आणि मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थनेतला इतर राष्ट्रांचा परिच्छेद. चर्चा तीन मिनिटेही चालली नसेल. मी हरकत घेतली नाही. उलट कागद एका पानात बसला म्हणून मला हायसे वाटले.

त्या रविवारी मी मागच्या बाकावर होतो. शेजारी परदेशातून शिकायला आलेला एक तरुण बसला होता, दर रविवारी येणारा. प्रतिज्ञेला सगळे उठले तसा तोही उठला. ओठ मिटलेले, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. बाहेर पडताना त्याने मला साधेपणाने विचारले, "पुढच्या रविवारी नेहमीची उपासना आहे ना?" त्याला टोमणा मारायचा नव्हता, याची मला आजही खात्री आहे. टोमणा असता तर मी विसरून गेलो असतो. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

देशावर प्रेम करू नका, असे मी म्हणत नाही. यरुशलेम नजरेस पडताच येशू रडला. परक्या गावासाठी माणूस असा रडत नाही. आपल्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून वेगळा होऊन शापित व्हायलाही तयार आहे, असे पौल रोमकरांना लिहितो. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनेची आठवण काढणारे स्तोत्र आपल्याच शास्त्रात आहे. ज्याला आपल्या मातीचे काही वाटत नाही त्याला शेजाऱ्याचे काही वाटेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.

अडचण दुसरीकडे आहे, आणि ती आपल्या भाषेत इतर काही भाषांपेक्षा अधिक उघडी पडते. मराठीत या भावनेला आपण 'देशभक्ती' म्हणतो. रोजच्या बोलण्यात हा शब्द निरुपद्रवी आहे. पण देवळाच्या दारातून आत आला की त्यातला दुसरा अर्धा भाग जागा होतो. भक्ती ही कोणाची करायची, हाच तर त्या इमारतीतला एकमेव विषय असतो! संतांच्या भाषेत भक्तीला 'अनन्य' हे विशेषण लागते: जिच्यात दुसरा कोणी नाही अशी. म्हणून मला उपासनेपुरता 'देशप्रेम' हा शब्द जवळचा वाटतो. प्रेम अनेकांवर करता येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी देशावर कविता लिहिल्या आणि ख्रिस्तावर अभंगही लिहिले. लेखणी एकच होती, पण अभंगातला 'तू' कोण याविषयी त्यांच्या वाचकाला कधी कोडे पडत नाही.

माझे सगळे म्हणणे त्या 'तू'मध्ये आहे. शाळेत पाठ केलेल्या विभक्ती आठवून पाहा. देशाने केलेल्या अन्यायाची आम्हांला क्षमा कर: तृतीया. देशाला शहाणे राज्यकर्ते दे: चतुर्थी. देशातून परागंदा झालेल्यांना आसरा दे. देशाच्या सीमेवर जागणाऱ्यांना सांभाळ. देशात शांती नांदो. या सगळ्या प्रार्थना उपासनेत शोभतात. शोभतात कसल्या, त्या तिथे असल्याच पाहिजेत. मग उरते संबोधन. 'हे देशा, तुला वंदन, तुझ्यावर सर्वस्व ओवाळतो' हे वाक्य आले की बोलण्याची दिशाच फिरते. इतका वेळ मंडळी देवाशी देशाबद्दल बोलत होती. आता ती देशाशी बोलू लागते, आणि देव खोलीतल्या श्रोत्यांपैकी एक होऊन बसतो.

हा भेद मी काढलेला नाही. ख्रिस्ती उपासनेचे बाहेरच्या माणसाने केलेले अगदी सुरुवातीचे वर्णन याच भेदाभोवती फिरते. सुमारे 112 साली बिथुनिया-पंत प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी याने सम्राट त्राजानला एक पत्र पाठवले. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत आळीपाळीने गातात, असे तो कळवतो. संशयितांची परीक्षा त्याने कशी घेतली तेही त्यात आहे. देवांच्या मूर्तींबरोबर सम्राटाची प्रतिमा आणवायची, तिच्यापुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला लावायचे, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावायच्या. खरे ख्रिस्ती यातले काहीच करत नाहीत, असे त्याने ऐकले होते. तुम्ही सम्राटासाठी प्रार्थना करता का, हे त्याला विचारावेसेच वाटले नाही. विचारले असते तर उत्तर 'हो' आले असते.

कारण ते करतच होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र आपण क्लेमेंटच्या नावाने ओळखतो. त्याच्या शेवटी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आहे: त्यांना आरोग्य, शांती, ऐक्य आणि स्थैर्य दे. ज्या नगरात नेरोने ख्रिस्ती माणसांना हाल करून मारले होते, त्याच नगरातली ही प्रार्थना. पुढे सुमारे 197 साली टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना ठणकावून सांगतो की आम्ही सम्राटांसाठी दीर्घायुष्य, निर्धोक राज्य, शूर सेना, निष्ठावान सिनेट आणि शांत जग मागतो. आणि त्याच ग्रंथात तो हेही सांगतो की सम्राटाला मी देव म्हणणार नाही. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याची गोष्ट तुम्ही उपदेशात अनेकदा सांगितली असेल, पण त्यातले एक वाक्य बहुधा सुटते. कैसराच्या दैवाची शपथ घे, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला तो सांगतो की देवाने नेमलेल्या सत्ताधाऱ्यांना योग्य तो मान द्यावा, असेच आम्हांला शिकवले आहे. मान द्यायला तो तयार होता. शपथ घ्यायला तयार नव्हता, आणि त्यासाठी जळाला.

आता तुमच्यापैकी ज्यांचे शास्त्रवाचन चांगले आहे ते मला अडवतील. स्तोत्रांत 'हे यरुशलेमा' असे संबोधन नाही का? आहे. 137व्या स्तोत्रात आहे, 147व्यात आहे. माझा नियम इथे वाकतो, हे मान्य. पण तो कुठे वाकतो ते बघा. 147व्या स्तोत्रात यरुशलेमेला हाक मारली आहे ती 'परमेश्वराचे स्तवन कर' असे सांगायला. 137व्यात ती बंदिवानाच्या हुंदक्यात आहे. आणि येशूच्या तोंडचे 'यरुशलेमे, यरुशलेमे' तर संदेष्ट्यांना मारणाऱ्या नगराला उद्देशून आहे. म्हणजे शास्त्र देशाला हाक मारते ती उठवायला, रडायला आणि रागवायला. आपल्या राष्ट्रीय दिनाच्या गीतांत यातले काही असते का? असेल तर मी माझी हरकत मागे घेतो आणि गायनवृंदात उभा राहतो.

देशप्रेम उपासनेत शिरले की नेमके काय घडते, हे पाहायचे तर लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचा. आपण तो बहुधा 'प्रभूचा आत्मा माझ्यावर आला आहे' इथे थांबवतो. नासरेथचे सभास्थान आहे, शब्बाथ आहे, वाचन झाले आहे, उपदेश सुरू आहे. मंडळी खूश आहे. आपल्या गावचा मुलगा किती छान बोलतो! मग येशू त्यांच्याच शास्त्रातल्या दोन गोष्टी काढतो. दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवले गेले सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. एवढेच. त्याने देशाची निंदा केली नाही, रोमची तळी उचलली नाही. देवाची कृपा सीमेपलीकडेही जाते, इतकेच दाखवले आणि तेही त्यांना पाठ असलेल्या ग्रंथातून. आणि सभास्थानातले सगळे संतापाने उठतात आणि त्याला कड्यावरून लोटायला नेतात. टाळ्यांपासून कड्यापर्यंतचे अंतर एका उपदेशाहूनही कमी होते. पाळकांनो, तुम्हांला ते अंतर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राष्ट्रीय दिनाच्या रविवारी आमोस संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातले वचन वाचून दाखवायचे धैर्य किती जणांना होईल? परमेश्वर तिथे विचारतो: मी इस्राएलाला मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले नाही काय? स्वातंत्र्य मिळवून देणारा देव शत्रूंनाही स्वातंत्र्य मिळवून देत होता. यावर कोणते गीत म्हणायचे ते मला खरेच सुचत नाही.

त्याच आमोसाला बेथेलचा याजक अमस्या हाकलून देतो आणि कारण फार मोकळेपणाने सांगतो: इथे पुन्हा संदेश देऊ नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. अमस्या दुष्ट वाटत नाही. तो व्यवस्थापक आहे. जागा कोणाची आहे याबद्दल त्याचा गोंधळ झालाय, बस.

ध्वजाविषयी थोडे. तो कापडाचा तुकडा आहे, त्याने काय बिघडते, असे म्हणणारे ध्वजाचाच अपमान करतात असे मला वाटते. ध्वज कुठे आणि कसा लावायचा याचे कडक नियम देशोदेशी असतात ते उगाच नाही. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत चर्चचा वेगळा उल्लेख आहे: काठीवरचा राष्ट्रध्वज चर्चमध्ये लावला तर त्याला सर्वांत मानाची जागा द्यावी, उपदेशकाच्या उजव्या हाताला. नियम आपल्या जागी बरोबर आहे; राष्ट्रध्वजाला दुय्यम जागा कशी द्यायची? पण म्हणजेच ध्वज नियमाने आत आणायचा तर वेदीशेजारी सर्वांत मानाची जागा त्याला द्यावी लागते, आणि ती द्यायची नसेल तर नियम मोडावा लागतो. दोन्हींपैकी एकाचा मान राहत नाही. गंमत म्हणजे याच संहितेत एक अपवाद लिहिलेला आहे. समुद्रात असलेल्या नौदलाच्या जहाजावर धर्मगुरू उपासना चालवत असेल, तेवढ्या वेळापुरती पांढऱ्यावर निळा क्रूस असलेली चर्चची पताका राष्ट्रध्वजाच्या वर फडकवता येते. लढाऊ जहाजावर! ज्यांचा पेशाच देशासाठी मरण्याचा आहे त्यांना हा क्रम समजतो. आपल्याला आपल्या चार भिंतींत समजू नये?

ध्वजवंदन करायचे असेल तर आवारात करा, उपासना सुरू होण्याआधी, नीट, नियमाने, सगळ्यांनी मिळून. मी येईन. मग आत चला.

यापेक्षा अवघड प्रश्न सैनिकांचा आणि मृतांचा आहे, आणि इथे मला घाई करायची नाही. ज्या घरातला मुलगा सीमेवरून परत आला नाही, त्या घरातली आई रविवारी आपल्याच बाकावर बसते. तिला उपासनेत काही मिळायला नको का? मिळायलाच हवे. पण टाळ्यांनी काय मिळते? टाळ्या चाळीस सेकंद टिकतात. शिवाय त्या कोणासाठी असतात याचा विचार करा. बहुतेक वेळा आपल्यालाच बरे वाटावे म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उभा केलेला जवान कधीकधी मान खाली घालून उभा असतो, कारण त्याने जे पाहिले किंवा केले ते टाळ्यांत मावत नाही. त्याला कदाचित पापांगीकार हवा असतो. आणि आपण तो वेळेअभावी कापलेला असतो.

मृतांसाठी काय करता येते याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 26 जुलै 1982 रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धानंतरची उपासना झाली. उपदेश कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांचा होता. विजय नुकताच मिळाला होता, पंतप्रधान समोर बसल्या होत्या. रन्सींनी दोन्ही बाजूंच्या शोकाकुल कुटुंबांचे स्मरण केले, अर्जेंटिनाच्याही. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ते रुचले नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या. रन्सींना भित्रा म्हणण्याची मात्र सोय नव्हती: दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या तुकडीत लढून त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला होता. मला वाटते, ज्याने खरोखर युद्ध पाहिले आहे त्याला शत्रूच्या आईचा विचार सुचतो. आपल्यासारख्यांना, ज्यांनी फक्त गाणी म्हटली, तो सुचायला वेळ लागतो.

आणि कॉव्हेंट्री. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी त्या शहराबरोबर तिथले मध्ययुगीन कॅथेड्रलही जाळले. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी पडक्या पवित्रस्थानाच्या भिंतीवर पुढे 'हे बापा, क्षमा कर' एवढेच शब्द कोरवून घेतले. क्रूसावरचे मूळ वाक्य 'त्यांना क्षमा कर' असे आहे. 'त्यांना' गाळले. एक सर्वनाम. विमाने त्यांची होती, कॅथेड्रल यांचे होते, शहर यांचे जळाले होते. तरी क्षमेची गरज फक्त पलीकडच्यांना आहे असे म्हणायला ते धजले नाहीत. त्याच वर्षीच्या नाताळात, भग्नावशेषांतून झालेल्या रेडिओ प्रक्षेपणात, सूडाचा विचार मनातून काढण्याबद्दल हॉवर्ड बोलले. युद्ध अजून संपायचे होते. मी क्रमाचे कागद टंकणारा माणूस आहे, म्हणून असेल, पण त्या गाळलेल्या शब्दाचा मला हेवा वाटतो. आम्ही गाळला तो पापांगीकार.

आपला पक्ष देवाचा पक्ष आहे, हे गृहीत धरणे किती सोपे असते! पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्याबरोबर' असे कोरलेले होते. समोरच्या खंदकातल्यांचे धर्मगुरूही त्याच देवाकडे विजय मागत होते. अमेरिकेतल्या यादवीच्या अखेरीस, 4 मार्च 1865 च्या भाषणात अब्राहम लिंकन यांनी हे जितक्या स्वच्छपणे मांडले तितके मी कोणत्या उपदेशात ऐकलेले नाही: दोन्ही बाजू तेच शास्त्र वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात, दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते. यरीहोपाशी यहोशवाने नंगी तलवार घेतलेल्या पुरुषाला विचारले होते, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर आले: नाही. प्रश्न दोन पर्यायांचा होता, आणि उत्तराने दोन्ही फेटाळले.

जर्मनीचा विषय काढला की लोक अंग चोरतात, म्हणून थोडक्यात. 1933 साली तिथल्या काही चर्चमध्ये वेदीशेजारी स्वस्तिकाचे ध्वज लागले. त्याच सप्टेंबरात प्रशियाच्या चर्चसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना आणि चर्चच्या सेवकांना दूर ठेवणारा नियम स्वीकारला. मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या, या प्रवाहाला विरोध करणाऱ्या जर्मन ख्रिस्ती लोकांनी याला उत्तर दिले: ऐकावे, विश्वास ठेवावा आणि आज्ञा पाळावी असे देवाचे वचन एकच, येशू ख्रिस्त. त्या घोषणेतही ज्यूंविषयी चकार शब्द नव्हता, आणि तिचा मसुदा लिहिणारे कार्ल बार्थ यांना ती चूक म्हातारपणी बोचत राहिली. तुमची तुलना मी त्यांच्याशी करत नाही. तुमची ती बैठक तर मुळीच तशी नव्हती. चहा झाला आणि सगळे हसतखेळत घरी गेले. मला फक्त एवढेच दिसते की मंडळीत नवा धनी सिद्धान्ताच्या दारातून क्वचित येतो. तो कार्यक्रमपत्रिकेतून येतो.

काळ काय करतो तेही पाहा. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाला 1662 पासून राजाज्ञेने काही राजकीय दिवसांच्या उपासना जोडलेल्या होत्या: 5 नोव्हेंबरला राजाविरुद्धचा कट फसल्याबद्दल, 30 जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला म्हणून, 29 मेला राजसत्ता परत आली म्हणून. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या म्हटल्या. 1859 मध्ये त्या काढून टाकल्या. आज त्या वाचताना त्यांत देव कुठे संपतो आणि राजवाडा कुठे सुरू होतो ते कळत नाही. तेव्हाच्या समित्यांना मात्र ते अगदी साहजिक वाटले असणार.

तुमच्याकडचा सर्वांत वजनदार युक्तिवाद मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. जिथे ख्रिस्ती लोक थोडे आहेत, जिथे त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवले जाते, तिथे पाळक म्हणतात: आम्हांला दाखवावे लागते. ध्वज आत आणला, प्रतिज्ञा म्हटली, तिचा फोटो निघाला, तर निदान मंडळीची मुले सुखाने शाळेत जातील. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. संदेष्टा अलीशानेही नामानाला हसण्यावारी नेले नाही. बरा झालेला नामान म्हणतो, मी आता फक्त परमेश्वरालाच यज्ञ करीन, पण माझा राजा त्याच्या देवाच्या, रिम्मोनाच्या, देवळात माझ्या हातावर भार टाकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते. त्याची क्षमा असावी. अलीशा उपदेश करत नाही. 'शांतीने जा' एवढेच म्हणतो. ज्या पाळकांवर बाहेरून दडपण आहे त्यांना मीही याहून जास्त काही म्हणू धजत नाही.

पण ज्यांच्यावर ते दडपण नाही, त्यांनी हे कारण उसने घेऊ नये. आणि दडपण असलेल्यांसाठीही टर्टुलियनची वाट उघडी आहे. त्याच्या मंडळीवरही द्रोहाचाच आरोप होता. त्याने उपासनेला पुराव्याचे रूप दिले नाही. तो बाहेर गेला, अधिकाऱ्यांना उद्देशून ग्रंथ लिहिला आणि आत काय चालते ते सांगितले. बाहेरच्यांनी ऐकावी म्हणून केलेल्या प्रार्थनेविषयी डोंगरावरच्या प्रवचनात जे आले आहे ते तुम्हांला पाठ आहे. निष्ठा दाखवायला जागा पुष्कळ आहेत: कर भरणे, रक्त देणे, पुरात धावून जाणे, मत देणे, खोट्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाणे. यातले काहीही रविवारी सकाळी दहा वाजता वेदीपुढे करावे लागत नाही.

तर माझे मागणे. प्रतिज्ञा आणि देशाला उद्देशून असलेली गीते उपासनेबाहेर, आवारातल्या कार्यक्रमात घ्या. पाहुण्यांनाही तिथेच बोलू द्या. ते तिथे जास्त मोकळे बोलतील, आणि खरे सांगायचे तर लोक तिथे जास्त लक्ष देऊन ऐकतील. आत देशासाठी प्रार्थना लांब करा, छोटी करू नका. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असू दे, आवडते असोत वा नावडते; तीमथ्याच्या पहिल्या पत्रात ती मागितली तेव्हा गादीवर कोणी ख्रिस्ती राजा बसलेला नव्हता. सैनिकांसाठी प्रार्थना असू दे, आणि ज्यांच्याशी ते लढतील त्यांच्यासाठीही. देशाने ज्यांच्यावर अन्याय केला त्यांचा उल्लेख पापांगीकारात असू दे, 'आम्ही' म्हणून, 'काही लोकांनी' म्हणून नाही. मृतांची नावे वाचा आणि त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोलू नका. त्या आईसाठी उपदेशकाने वेगळा वेळ काढावा, घरी जाऊन.

पुढच्या राष्ट्रीय दिनाच्या रविवारचा कच्चा कागद मी तयार केला आहे. पापांगीकार पुन्हा आपल्या जागी, सुरुवातीच्या गीतानंतर ठेवला आहे. इतर राष्ट्रांचा परिच्छेदही परत घातला आहे, आणि त्यात त्या तरुणाच्या देशाचे नाव आहे. तो हल्ली येत नाही. शिक्षण संपून परत गेला असेल. ती प्रार्थना कोण वाचणार, ते तुम्ही ठरवायचे आहे. नावाची जागा मोकळी सोडली आहे. बुधवारपर्यंत कळवा. कागद दोन पानांचा होतो आहे. चालेल. छपाईचे मी बघतो.

आपला,
मंडळीचा एक सभासद